पाणाड्या शेषरावांचं भुयार

पिंपळखोरीच्या शेषरावांना जमिनीच्या पोटातलं पाणी दिसायचं. म्हणजे ते तसं सांगायचे, अन् गाव ऐकायचं. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, डोळे अर्धे मिटायचे अन् अनवाणी पायांनी वावर तुडवत निघायचं. खाली पाणी असलं की नारळ टकदिशी उभा राहायचा. तिथं चुन्याची फुली मारायची, धोतराचा सोगा झटकायचा अन् चहा प्यायला बसायचं. पाणी लागलं तर शेषरावांचा गुण. नाहीच लागलं तर ते म्हणायचे, "तुम्ही थांबले बाप्पा! अजून हातभर गेले असते तं फवारा उडाला असता." आता त्या उरलेल्या हातभर मातीत कोण जाऊन बघणार? असा सगळा कारभार बिनघोर चालला होता.

यातून मिळायचं काय, तर तोच नारळ अन् कधीमधी पसाभर तूर. मान मात्र भलताच. धामणगाव बढ्याच्या बाजारात शेषराव दिसले की माणसं बाकावरून सरकून जागा करायची. त्यांच्या बायकोला, आशाबाईला, हातपंपावर कोणी नंबर लावायला सांगत नसे. पाणाड्याची बायको पाण्यासाठी रांगेत उभी राहते, हे बरं दिसतं का?

या मानाचं मूळ डोंगरात होतं. गावाच्या वरच्या अंगाला, काळ्या कातळात एक भुयार आहे. पावसाळ्यात वरचा नाला धडधडत येतो अन् त्या भुयारात शिरून गडप होतो. शेषरावांच्या वडिलांनी म्हणे तिथं एकदा लिंबू सोडलं होतं, ते गावच्या थोरल्या विहिरीत वर आलं. शेषरावांनी या गोष्टीला आपल्या पदरचं जोडलं. तरुणपणी आपण स्वतः त्या भुयारातून सरपटत थेट विहिरीच्या कपारीला निघालो, असं ते सांगत. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांना थोडं चोरट्यासारखं झालं होतं. पण पुढं इतक्यांदा सांगून झालं की त्यांना स्वतःलाही आपले खरचटलेले गुडघे आठवायला लागले. दरसाल पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, ते भुयारापाशी नारळ फोडत अन् गावासाठी पाणी मागत.

यंदा गावाला एक बंधारा मंजूर झाला. एकच. तो कुठं बांधायचा यावरून पारावर बोलणं सुरू झालं. शेषराव म्हणाले, "इचारता काय? भुयाराच्या तोंडाशी. पाणी अडलं का सारं आपल्या इहिरीत." चार जण हळूच म्हणाले की खालच्या मुक्या नाल्यावर बांधावा. मुका नाला म्हणजे गावामागचा एक गरीब नाला. ना खळखळ, ना पूर, मुरमातून कधी वाहून जातो कळतही नाही. शेषरावांनी हात झटकला. "तथी माहा नारळ हालत बी नाई."

सरपंच वंदनाबाई धोरणी. त्या म्हणाल्या, "शेषरावभाऊचा शब्द हायेच, पण कागदाले भूजलवाल्यांचाबी शब्द लागते." अन् मग एक दिवस मोटारसायकलवरून वैष्णवी आली. नांदुऱ्याची पोर, भूजलाचं शिकलेली. पाठीवर दोरखंड, डोक्यावर दिव्याची टोपी.

"काकाजी, तुम्ही भुयारातून पार विहिरीपर्यंत गेले होते म्हणे," ती शेषरावांना म्हणाली. "मग तर बरंच झालं. चला, रस्ता दाखवा."

गाव बघत होतं. नाही म्हणायला जागाच नव्हती. शेषरावांच्या गांधीटोपीवरच तिनं दुसरी दिव्याची टोपी बसवली, ती पालथ्या टोपलीसारखी दिसायला लागली. नाल्याला त्या दिवशी पाणी बेताचंच होतं. शेषराव पुढं, पोरगी मागं. आत वटवाघळांचा असा वास की डोळ्यांत पाणी आलं. थोडं वाकून, थोडं रांगून गेल्यावर भुयार अरुंद झालं अन् शेषरावांचं पोट दोन दगडांत फसलं.

"काय झालं, काकाजी?"

"काई नाई. आधी मोठा होता हा रस्ता."

"म्हणजे खडक वाढला?"

शेषराव अडकल्या जागीच हसले. हसल्यानं पोट हाललं अन् ते अजूनच फसले. शेवटी तिनं पाय धरून मागं ओढलं. शेषराव आले, पण धोतराचा एक पट्टा तिथंच राहिला. दोघं मग ओल्या दगडावर दम खात बसली. तिथून पुढं कुठला माणूस गेला असेल असं त्या फटीकडं बघून वाटतच नव्हतं. पोरीला ते कळलं होतं अन् तिला कळलंय हे शेषरावांना कळलं होतं. ती काही बोलली नाही, म्हणून त्यांना ती जरा आवडली.

"हे भुयार खोदलं कोणं असन?" त्यांनी विषय बदलला.

"कोणीच नाही. दुसऱ्या मुलखात चुनखडीचा दगड असतो ना, तिथं पाणीच दगड विरघळवत जातं. खडीसाखर तोंडात झिजावी तसं. कोसकोस लांब गुहा होतात. तुमचा काळा दगड तसा विरघळत नाही. पण हा दगड कधीकाळी तापलेला रस होता. वाहत आला, वरून थंड झाला, वर साय धरली. खालचा पातळ रस पुढं निघून गेला. साय राहिली, आत पोकळी."

"बासुंदीवानी!"

"हाव," वैष्णवी म्हणाली. शिकलेली असली तरी नांदुऱ्याचीच ती. "अन् असे रस एकावर एक कितीतरी वेळा आले. भाकरीची चवड रचावी तसे. दोन भाकरींच्या मधी कुठं कुठं लाल मातीचा थर, ठेचा लावल्यासारखा. पाणी भाकरीच्या भेगांतून खाली उतरते, लाल थरावर अडते, अन् तो थर ज्या अंगानं कललेला असेल तिकडं चालू लागते. वरून डोंगर कोणीकडं उतरला, याच्याशी त्याले काई घेणंदेणं नाई."

"मंग हा थर कोणीकडे कलला?"

"ते मलाही इथं बसून नाही सांगता येत. रंग सोडून पाहू."

रंग म्हणजे लालसर भुकटी. माणसाला, जनावराला काही न करणारी. तिनं ती नाल्याच्या पाण्यात सोडली, तर लालची एकदम पोपटी झाली अन् गावातल्या बायका "अगं बाई!" म्हणत मागं सरल्या. ते पोपटी पाणी गिरक्या घेत भुयारात गेलं. आता ज्यांच्या ज्यांच्या विहिरी, त्यांनी रोज सकाळी बाटलीभर पाणी शाळेच्या वऱ्हांड्यात आणून ठेवायचं. थोरली विहीर शेषरावांच्या घरामागं, म्हणून तिची बाटली आशाबाईकडं.

शेषराव तोंडानं म्हणत होते, "उद्या पाहा, इहीर पोपटी!" पण त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. भाकरी मोडायचे अन् तशीच ठेवायचे. दर थोड्या वेळानं जाऊन विहिरीत डोकवायचे. आशाबाई म्हणायची, "अवो, तोल जाईन! रंगाच्या आधी तुम्हीच निंघसान वर." एक सकाळ गेली, दुसरी गेली. साऱ्या बाटल्या नितळ. पारावर चार जण कुजबुजायला लागले. शेषराव आले की गप्प व्हायचे. ते गप्प होणं त्यांना शिवीपेक्षा लागायचं. इतकी वर्षं लोकांनी त्यांच्या एका शब्दावर विहिरी खोदल्या होत्या, अन् आता तोच शब्द वऱ्हांड्यात बाटल्यांच्या ओळीत उभा होता.

पुढच्या सकाळी वैष्णवीनं थोरल्या विहिरीची बाटली उचलली अन् वऱ्हांडा ओरडला, "निंघाला! निंघाला!" बाटलीत हिरवं होतं. कोणी शेषरावांच्या पाठीत धपका मारला, कोणी टोपी उडवली.

वैष्णवीनं बाटली उन्हात धरली. खाली पाणी नितळ, अन् हिरवं तेवढं वर तरंगत होतं, मटणाच्या रश्श्यावर तर्री यावी तसं. बाटलीच्या गळ्याला चिकटलंही होतं. मग ती बाटली तिनं शेषरावांपुढं धरली.

शेषरावांनी तो हिरवा रंग ओळखला. न ओळखून कसं चालेल? यंदा पोळ्याला लाल रंग मिळाला नाही म्हणून ढवळ्याची शिंगं त्यांनी स्वतः याच हिरव्या ऑइलपेंटनं रंगवली होती. डबा अजून गोठ्याच्या कोनाड्यात होता. त्यांनी आशाबाईकडं पाहिलं. आशाबाई शाळेच्या घंटेकडं असं टक लावून बघत होती, जशी ती घंटा आजच टांगली.

लोक नाचत होते. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. पोरगी बोलली असती तर बोलली असती, पण लोकांनी तिचं ऐकलं नसतं.

"हा रंग माह्या ढवळ्याच्या शिंगाचा हाय," शेषराव म्हणाले.

वऱ्हांड्यातला नाच थांबला. "मंग बाटलीत कसा आला?" कोणीतरी विचारलं.

"आला. माह्याच घरातून आला."

"म्या टाकला," आशाबाई म्हणाली. "त्याईले काऊन बोलता? त्याईले काई माईत नाई. आगपेटीच्या काडीनं टाकला, उलशाक, थेंबभर."

आधी एक बाई फिसकन हसली, मग सगळ्याच. "आशाबाई, बरं झालं वं इहिरीत नाई टाकला. साऱ्या गावाले शिंगं फुटले असते!"

घरी आल्यावर शेषराव खाटेवर बसले. "तुह्यापायी माही अब्रू गेली."

"वाचवाले गेली होती मी. त्या रंगाले तरंगाचं का पडलं होतं?" आशाबाई चूल पेटवत म्हणाली. "अन् भाकर खा आता. उपाशी राहून का अब्रू वापस येते?"

भाकर खातानाच फोन वाजला. आंबेटाकळीहून आशाबाईचा भाऊ गोविंदा. आंबेटाकळी डोंगराच्या पलीकडं, म्हणजे शेषरावांची सासुरवाडी.

"भाऊजी, आमच्या झऱ्याचं पाणी सकाळपासून पोपटी येऊन राह्यलं. कोणी म्हणते करणी हाय, कोणी म्हणते गणपती पाण्यात शिरवला त्याचा रंग. मी म्हटलं, पाण्यातलं जाणतं माणूस आपल्याच घरचं हाय, त्यालेच इचारू."

शेषरावांचा घास तोंडातच राहिला. "तरंगते का?" त्यांनी विचारलं.

"तरंगाचं काय? अवघंच पोपटी हाय ना!"

वैष्णवी झऱ्याचं पाणी पाहून आली. तिच्या जांभळ्या दिव्याखाली ते काजव्यासारखं चमकलं. तिचाच रंग. भुयारातला लाल थर डोंगराच्या पलीकडं कललेला होता. म्हणजे इतकी वर्षं करीच्या दिवशी शेषरावांनी गावासाठी म्हणून जे मागितलं, ते सगळं सासुरवाडीच्या झऱ्याला जात होतं.

"नारळ फोडे मी, अन् पाणी पे साळा!" शेषराव म्हणाले. आशाबाईनं पदर तोंडाला लावला, पण तिचे खांदे हलायचे थांबेनात. गोविंदानं तर फोनवरूनच सांगितलं, "भाऊजी, पुढच्या साली दोन फोडजा. लगनघर हाय आमच्या इकडे."

मग वैष्णवीनं मुका नाला पाहिला. थोरल्या विहिरीत उतरून झरे बघितले, मधल्या वावरांत दगड तपासला. तिचं म्हणणं असं, की मुका नाला वाहताना दिसत नाही कारण तो जमिनीत मुरतो, अन् मुरलेलं पाणी बहुतेक गावाच्याच अंगानं येतं. "पक्कं तर बंधारा झाल्यावरच कळेल," ती म्हणाली. तिच्या तोंडून 'बहुतेक' ऐकून शेषरावांना नवल वाटलं. त्यांनी तो शब्द आयुष्यात वापरला नव्हता.

ग्रामसभा भरली. अन् गाव म्हणजे कसं असतं बघा, निम्मे लोक अजून शेषरावांच्याच बाजूनं! एक जण उठून म्हणाला, "रंग चुकू शकते. शेषरावभाऊचा शब्द नाई चुकत. बंधारा भुयारापाशीच." टाळ्याही पडल्या. शेषरावांना वाटलं, आता नुसतं बसून राहिलं तरी मान जसाच्या तसा राहील. फक्त पाणी आंबेटाकळीला जाईल, अन् उन्हाळ्यात याच टाळ्या वाजवणाऱ्यांच्या विहिरी तळ दाखवतील. ते गुडघ्यावर हात देऊन उठले.

"बसा सारे," ते म्हणाले. "मी भुयारातून इहिरीपर्यंत कधीच गेलो नाई. मधातच फसतो माणूस. पोरीनं पाय धरून ओढला मले."

सभा हसली.

"पण नारळाचं मी काई खोटं बोलत नाई. नारळ उभा राह्यते, हे खरं हाय. काऊन राह्यते, ते मले माईत नाई. बंधारा मुक्या नाल्यावर बांधा. भुयारापाशी बांधला तं पाणी माह्या साळ्याले जाईन, अन् त्याले ते मागून पेऊ द्या, फुकट नोको."

आता हशा असा उठला की वंदनाबाईंना टेबल वाजवावं लागलं. मघाशी उठून बोललेला तो माणूस मात्र खाली मान घालून बसला. त्याच्याकडं बघून शेषरावांना धामणगाव आठवलं. पुढच्या बाजारात बाकावर जागा होईल की नाही, कोण जाणे.

"मग ठराव लिहिते," वंदनाबाई म्हणाल्या. "बंधारा मुक्या नाल्यावर. सूचक कोण?"

कोणाचाच हात वर होईना. चार कुजबुजणाऱ्यांचाही नाही. जिंकूनही ते शेषरावांच्या तोंडाकडं बघत होते.

"लिवा माहं नाव," शेषराव म्हणाले.

"अन् अनुमोदक?"

बायकांच्या रांगेतून आशाबाई उठली. ग्रामसभेत ती आजवर कधी उभी राहिली नव्हती. "अनुमोदक म्हणजे काय व्हते, वंदनाबाई?"

"म्हणजे हे म्हणतात ते बरोबर आहे, असं म्हणणारी."

आशाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, मग सरपंचांकडं.

"या खेपेला लिवा," ती म्हणाली.