दूध तोडायचे तीन दिवस

दोन हजार सालच्या आसपास मी कतारमध्ये मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या फार्मवर नोंदी ठेवायचो. तिथे वळू वर्षातून दोनच महिने कळपात सोडायचा, जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे वासरं थंडीच्या तोंडावर जन्मतात. उन्हाळ्यात जन्मलेलं वासरू तिथल्या उन्हात टिकत नाही. मग जूनमध्ये सगळ्यांचं दूध एकदम तोडायचं. ते उरकलं की जुलैत आम्हा कामगारांना दोन वर्षांनी मिळणारी रजा, तीही एकदमच. परिणामी आमच्या खोलीतल्या आठही जणांची पोरं एप्रिलमध्ये जन्मलेली. वळूच्या तारखा मी लिहायचो, आमच्या कोण लिहीत होतं देव जाणे.

दूध तोडायची पद्धत साधी. मध्ये कुंपण, इकडे गाय, तिकडे वासरू. दिसायचं, वास यायचा, पण पिता यायचं नाही. दोन दिवस नुसतं हंबरणं, डोकं उठायचं. तिसऱ्या दिवशी खलास, वासरं गुपचूप चाऱ्याला लागायची. नव्या माणसाला मी छाती फुगवून सांगायचो, तीन दिवस, वर एक तास नाही.

एका वर्षी रजेवर गेलो तो माझ्या सव्वा वर्षाच्या मुलाला पहिल्यांदा बघायला. बायको माहेरी राहायची. पोराने मला पाहून असं भोकाड पसरलं की शेजारीण धावत आली. सासूबाई म्हणाल्या, मिशी काढा. काढली. ते आणखीच घाबरलं. मग मला फार्म आठवला. उंबऱ्यावर फळी आडवी लावली, पोर आत, मी ओसरीवर. हाक मारायची नाही, हात लावायचा नाही. बायको म्हणाली, उन्हाने तुमचं डोकं फिरलंय. पण तिसऱ्या दिवशी ते डुलत डुलत आलं, माझ्या हातातलं बिस्कीट घेतलं आणि म्हणालं, "मामा."

त्या घरात पुरुष म्हणजे मामा, दुसरा शब्द त्याला माहीतच नव्हता. मला हसू आलं आणि आतडंही तुटलं. पुढचा महिनाभर मी एकच उद्योग केला, त्याला पप्पा म्हणायला शिकवलं. शिकला एकदाचा.

निघताना बायकोने विचारलं, किती दिवस रडेल हो? मी जाणत्यासारखं सांगितलं, तीन.

चौथ्या दिवशी कतारच्या अल मन्सूरा भागातून फोन लावला.

"जेवणापर्यंत रडला," ती म्हणाली. "आता माझ्या भावाला पप्पा म्हणतोय."

मेव्हण्याचा असा राग आला! त्या बिचाऱ्याचा काय दोष? मी मात्र आठवडाभर जेवलो नाही धड. खोलीतले बाकीचे सातही जण हसले, पण त्यांचीही तीच गत होती.

तीन दिवसांचा नियम मी वासरांवरून काढला होता. गायींकडे कधी बघितलंच नव्हतं. पुढच्या जूनमध्ये बघितलं. एक म्हातारी गाय आठव्या दिवशीही कुंपणाशी उभी होती. तिचा चारा मी तिथेच नेऊन टाकला.