पपईच्या देठाची पुंगी

शाळेनं रविवारी आईबापांना बोलावलं होतं. घरातल्या-शेतातल्या वस्तू घेऊन लेकरांसोबत वाद्यं करायची. आम्ही अमरावतीत राहतो, पण अंजनगावची पपईची बाग सुटलेली नाही. नवऱ्यानं गाडीवर पपईच्या पानांच्या पोकळ देठांचा भाराच आणला. बाकीचे बाप डब्यात तुरी टाकून खुळखुळे करत बसले होते. ह्यांनी देठाचं एक टोक बंद ठेवलं, त्याच्याजवळ ब्लेडनं बारीक चीर दिली आणि पोरांना म्हणाले, "चीर तोंडात घ्या, ओठ मिटा अन् गाल फुगवून फुंका." मग काय, पुंग्या अशा बोंबलायला लागल्या की बाईंनी कानांवर हात ठेवले. आमची लेक नुसती ताठ मानेनं फिरत होती.

"बाबा, आता तू वाजव."

ह्यांनी फुंकलं. नुसती फूस. गाल फुगलेच नाहीत, ओठांच्या कडेनं हवा निघून गेली. "देठ शिळा हाये," म्हणाले. लेकीनं तोच देठ घेऊन फुंकला, तर हॉल दणाणला. सगळे हसले, हेही हसले. मी मात्र ह्यांच्या गालाकडेच पाहत होते.

खर्रा! आमच्याकडे पाहुण्याला चहाच्या आधी खर्रा विचारतात. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटायचा आणि दिवसभर गालात धरायचा. ह्यांचा भाकरीचा घास बारीक होत चालला होता, ठेचा तर ताटातूनच गेला होता. विचारलं की दाढ दुखते म्हणून मला गुंडाळायचे.

ओढतच अकोल्याला तोंडाच्या डॉक्टरकडे नेलं. तोंडात तीन बोटं उभी जायला हवीत, ह्यांचं एक गेलं. गाल आतून कडक झालेत, खर्रा आजच बंद, डॉक्टर म्हणाले. गालाचा तुकडा तपासणीला काढला आणि फुंकायचा व्यायाम सांगितला. बाहेर पडलो तर हा माणूस टपरीकडे वळला.

"मरून राहिले तुमी, समजते का?" मी भर रस्त्यात ओरडले. "पोरीनं कोणाकडं पाहावं?"

"आखरीची हाये व. काहून तमाशा करून राहिली?"

मी तिथंच त्यांच्या पाया पडले. लोक पाहत होते, पाहू दे. त्यांनी पाय मागे घेतले आणि पुडी घेतली.

रिपोर्ट अजून आलेला नाही. लेकीनं मनाशी ठरवून टाकलंय, पुंगी वाजली की बाबा बरा. शाळेतून आली की देठ कापून त्यांच्यासमोर बसते. "गाल फुगव ना बाबा." मी आतून ऐकते. फूस, फूस. जीव नकोसा होतो.

परवा संध्याकाळी अंगणातून पुंगी वाजली. लांब, मोकळी. मी कणकेच्या हातांनी धावले. हे पायरीवर, तोंडात देठ. लेक त्यांच्या पाठीशी उभी.

"आई, बाबाची वाजली!"

तिनं एक हात मागे लपवला होता. त्यातल्या दुसऱ्या देठाचं टोक मला दिसत होतं. ह्यांनी मान वर केली नाही.

"आयकली मी," म्हटलं.

ती आनंदानं आत पळाली. मी ह्यांच्या तोंडातला देठ काढून घेतला. टोकाला सुपारीचा ओला भुगा चिकटला होता. मी तो पदरानं पुसला आणि देठ परत त्यांच्या हातात दिला.

"फुंका," म्हटलं. "आता खरं फुंका."