फोटोपुरता फाटका झगा

"हे काय घालून आली? लग्नाले चालली काय तू? जाय, जुना झगा घालून ये. फोटोत गरीब दिसाले पाह्यजे."

हे आमचे गुरुजी. शाळेच्या व्हरांड्यात, सगळ्यांच्या देखत. मी पाचवीत होते. वाशीम जिल्ह्यात, आसेगावकडच्या आमच्या गावात त्या दिवशी भाऊसाहेबांचा वाढदिवस होता. भाऊसाहेब म्हणजे शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष, आणि गावातली निम्मी वावरंही त्यांचीच. वाढदिवसाला ते 'गरीब व होतकरू' मुलांना वह्या वाटायचे. त्या वर्षी माझं नाव निघालं. वर्गात माझा पहिला नंबर होता, त्यामुळे मला वाटलं बक्षीस आहे. आईलाही तसंच वाटलं. तिनं मालेगावच्या बाजारातून माझ्यासाठी झगा आणला. पिवळा. तोवर मी लोकांच्या पोरींचे उतरलेलेच झगे घातले होते.

मी पळत घरी गेले. आई निंदायला, तण काढायला गेली होती, भाऊसाहेबांच्याच वावरात. नवा झगा मी एकटीनं काढला. काखेत उसवलेला जुना घातला. परत आले तेव्हा गुरुजींनी मला वरून खाली पाहिलं.

"हां. आता बरी दिसली."

स्टेजवर माइक भाऊसाहेबांच्या हातात होता. "इची माय आपल्याच वावरात निंदाले येते. बापाचा पत्ता नाई. अशा लेकराले आपून नाई पाह्यलं तं कोन पाह्यल?" टाळ्या पडल्या. पहिल्या नंबराबद्दल चकार शब्द नाही. मग त्यांनी वह्या पुढे केल्या. मी धरल्या, पण ते सोडेनात. फोटोवाल्याचं अजून झालं नव्हतं. एका टोकाला त्यांचा हात, एका टोकाला माझा. मी ओढून पाहिल्या.

"दम धर," ते म्हणाले. कॅमेऱ्याकडे बघून हसत हसत.

संध्याकाळी आई आली. माझ्या अंगावर उसवलेला झगा पाहून दारातच थांबली.

"नवा काहून काढला?"

"गुरुजीनं सांगतलं. गरीब दिसाले पाह्यजे म्हने."

आई बराच वेळ हात धूत राहिली. मग म्हणाली, "आपून हाओ तेवढे गरीब त्याइले पुरत नाई." पुढे ती त्याबद्दल कधीच बोलली नाही. पिवळा झगा मीही पुन्हा घातला नाही.

तो फोटो फ्रेम करून शाळेच्या ऑफिसात लावला. खडू आणायला गेलं की दिसायचा. दहावीपर्यंत मी त्या उसवलेल्या काखेखालून ये-जा केली. माझा राग तिथं वाढला. तो अजून उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

आज मी समाजशास्त्रात संशोधन करते. मुलांची गरिबी आणि शिक्षणातली विषमता हा माझा विषय. विद्यापीठात लोक मला मान हलवत विचारतात, "तुम्ही एवढ्या हलाखीतून कशा आलात हो?" हातात चहाचा कप धरून विचारतात. मला तो कप हिसकावून घ्यावासा वाटतो.

अभ्यासासाठी वाशीम जिल्ह्यातली एक शाळा निवडायची होती. मी माझीच निवडली. पोरांशी बोलायला संस्थेची परवानगी हवी. त्यावर माझं वर्षभराचं काम अवलंबून होतं. भाऊसाहेब वारले होते. खुर्चीत त्यांचा मुलगा, दादासाहेब.

"परवानगी देतो न. पन बाबाच्या पुण्यतिथीले वह्यावाटप हाये, स्टेजवर तुमी पाह्यजे. आमच्याच वह्यावर शिकल्या ना तुमी!"

दात-ओठ खात मी हो म्हटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी स्टेजवर बसले होते. खाली पोरं रांगेत. पहिल्या पोरीच्या पायात नवेकोरे पांढरे बूट होते. मामानं आणले, असं ती मागचीला कौतुकानं सांगत होती. तेवढ्यात शाळेतल्या मॅडम तिच्याजवळ आल्या.

"बूट काढ वं पोरी. फोटोत दिसून राह्यले."

पोरगी खाली बसली आणि मुकाट्यानं नाडी सोडायला लागली. काहून म्हणून विचारलंही नाही. मी विचारलं होतं का?

मी उठले. स्टेजवरून उतरून तिच्याजवळ गेले. "बांध ती नाडी." ती माझ्याकडे नाही, मॅडमकडे बघत होती. मग मीच खाली बसले आणि नाडी बांधली. दादासाहेब माइकवरून हसत म्हणाले, "पाहुण्या मॅडम भावूक झाल्या."

"भावूक नाही, संतापले आहे," मी तिथूनच ओरडले. "वह्या द्यायच्या तर वर्गात ठेवा. पोरं आपल्या हातानं घेतील. आणि माझ्या आईनं तुमच्या वावरात फुकट खाल्लं नाही. तुमच्या वह्यांच्या आधी माझा पहिला नंबर होता. तो तुमच्या बापानं सांगितला नाही."

दादासाहेबांचं हसू गेलं. "परवानगी विसरा," ते माइक बाजूला धरून म्हणाले. "आमच्या शाळेत आता पाय ठेवू नका."

जाता जाता मी ऑफिसात शिरले आणि भिंतीवरची माझ्या फोटोची फ्रेम काढून घेतली. शिपाई म्हणाला, "ताई, सायेबाले काय सांगू?" म्हटलं, "सांगा, जिची होती ती घेऊन गेली."

माझ्या संशोधनाच्या मार्गदर्शकांना फोनवर सांगितलं तर ते वैतागलेच. "एका बुटासाठी वर्ष घालवलंस?" हो. घालवलं. शाळा दादासाहेबांची आहे, गावातली घरं नाहीत. मी दारोदार जाईन, आयांशी बोलेन, पोरांशी बोलेन. कोणाचाही फोटो काढणार नाही. आणि विषयही वाढवला आहे. पोरं गरीब का राहतात हे मी शोधतेच आहे. त्यांना गरीब दिसायला कोण लावतं, वह्या देताना कोणाचा हात सुटत नाही, तेही आता लिहिणार. मला समजूतदारपणा शिकवायला येऊ नका. पाचवीत मी दम धरला होता. आता धरणार नाही.