चंदनाच्या हारातला दत्तू

हसायचं नाही, या अटीवर सांगते. म्हणजे हसालच तुम्ही, पण निदान चहा तोंडात असताना नको.

मला एक खोड आहे. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत मला दम निघत नाही. त्याचं अर्धं झालं की उरलेलं मीच पुरं करते. चहा उकळायच्या आत गाळणारी बाई मी. आमचे हे म्हणतात, "तुला देवाने कान दिलेत ते चष्मा अडकवायला." नारायण पेठेतला माणूस, कौतुकसुद्धा असंच करायचा.

तर मी लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तकं करते. येरवड्यात भास्करनाना म्हणून एक वयस्कर गृहस्थ राहतात. उमेदीच्या काळात मोठ्या हॉटेलांतून ट्रंपेटवर जॅझ वाजवायचे. येरवड्याच्या गल्लीतला जॅझवाला! मला राहवतंय होय? थेट घरी जाऊन धडकले. म्हटलं, तुमच्या लहानपणावर पुस्तक करते.

नाना सांगायला लागले. गल्लीतल्या लग्नाच्या बँडच्या मालकाने एक जुनं ट्रंपेट दिलं होतं, नानांना आणि त्यांच्या जिवलग मित्राला, दत्तूला. दोघांत एकच. मग भांडण नको म्हणून दत्तूने फुंकायचं आणि नानांनी कळा दाबायच्या. दत्तूचा दम मोठा, नानांची बोटं चपळ. अहो, काय चित्र होतं ते! मी तिथेच पेन्सिल काढली.

"आणि मग दत्तू…" नाना थांबले आणि भिंतीकडे बघत राहिले.

भिंतीवर तरुण दत्तूचा फोटो होता. डाव्या भुवईत खोक. आणि फोटोला चंदनाचा हार.

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे घरात फोटोला चंदनाचा हार म्हणजे काय? कुणी विचारतं का, की हे आहेत अजून? मी पेन्सिल खाली ठेवली. म्हटलं, "कळलं नाना. नका बोलू."

"अहो, पण ऐका तर…"

"नको नको, तुम्हाला त्रास होईल." आणि मी निघालेसुद्धा.

घरी येऊन शेवटचं पान रंगवलं. आभाळात दत्तू, हातात ट्रंपेट, भोवती चांदण्या. खाली लिहिलं, 'दत्तू आता चांदण्यांना गाणं शिकवतो.' रंगवताना मीच रडले.

ह्यांनी पान बघितलं. "कशाने गेला?"

"असं विचारतात का कुणी?"

"छापायच्या आधी विचारतात."

मी लक्ष दिलं नाही. ते पान नानांना नेऊन दाखवलं. नानांनी वाचलं, त्यांचे खांदे हलायला लागले, रुमाल डोळ्यांना लागला. कसंबसं म्हणाले, "शेवट फार आवडला. अजिबात बदलू नका." मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मूर्ख बाई.

प्रकाशन आमच्याच पेठेतल्या एका छोट्या सभागृहात ठेवलं. मुलं, आईबाप, पुढच्या खुर्चीत नाना आणि त्यांचं ट्रंपेट. मी नानांकडून आणलेल्या दत्तूच्या फोटोला ताजी फुलं वाहिली, निरांजन लावलं आणि सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं केलं.

दोन मिनिटं गप्प उभं राहणं ही मला जन्मठेपच. मध्येच एक डोळा उघडला. मागे दाराशी एक टोपीवाले आजोबा काखेत माझं पुस्तक धरून, मान खाली घालून उभे. डाव्या भुवईत खोक. मी फोटोकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं, परत फोटोकडे. दुसरा डोळाही उघडला.

स्तब्धता संपली. आजोबा सावकाश पुढे आले. "ताई, मी दत्तू. वाघोलीला असतो. नातवानं मोबाईलवर ह्या कार्यक्रमाची जाहिरात दावली, त्यात मी आभाळात. म्हणलं, आपल्याच श्रद्धांजलीला न्हाई जायचं तर कुणाच्या जायचं?"

"मग तुम्ही गप्प उभे का राहिलात?"

"मेलेल्याचा मान ठेवाया नको?"

मी नानांकडे वळले. नाना शांत. "तुम्ही बोलू दिलंत का मला? आम्हा दोघांना हॉटेलात काम लागलं होतं. पहिल्याच दिवशी हा आला नाही. मी स्टेजवर एकटा, आणि हा कुठल्याशा वरातीत वाजवतोय. म्हटलं, आजपासून दत्तू मला मेला. घातला हार."

"कुठल्याशा न्हाई," दत्तूआजोबा म्हणाले. "ज्यानं आपल्याला ट्रंपेट दिलं, त्याच्या पोरीची वरात होती. ऐन वेळी वाजवणारा पडला आजारी. सांगाया आलो तर तू दार उघडलं न्हाईस."

नाना गप्प झाले. मीसुद्धा, आयुष्यात पहिल्यांदाच. समोर मुलं मैत्रीचं पुस्तक मांडीवर उघडून बसलेली, आणि हे दोघे आता दोन दारांनी निघून गेले तर मी त्या मुलांना काय सांगणार होते?

नानांनी ट्रंपेट उचललं. फुंकलं, पण वयाने दम गेलेला. नुसती हवा निघाली.

"दे हिकडं," म्हणत दत्तूआजोबांनी ट्रंपेट ओठाला लावलं. आणि नानांची बोटं आपोआप कळांवर गेली.

सूर जुनाच, जरा घरघरणारा, पण सभागृह दणाणलं. एक मुलगी पुस्तक उंच धरून ओरडली, "हेच पान, हेच पान!" मी पुन्हा रडले. या वेळी निदान कारण खरं होतं.

मग काय, नवं शेवटचं पान छापून घेतलं आणि प्रत्येक पुस्तकात चिकटवत बसले. ह्यांनी डबी पुढे सरकवली. "माणूस गोंदाने जिवंत होतो, हे माहीत नव्हतं."

सुधारलेलं पुस्तक द्यायला येरवड्याला गेले. दोघे चहा पीत बसलेले. भिंतीवर दत्तूआजोबांचा फोटो मोकळा. त्याच्या शेजारी प्रकाशनाच्या दिवशीचा माझा फोटो. त्याला चंदनाचा हार.

"नाना, हे काय?"

"हार रिकामा बरा दिसेना. घाबरू नका. तुम्ही कुणाचं एक तरी वाक्य पूर्ण ऐकून घेतलंत, की त्याच दिवशी तो हार मी…"

"काढणार ना? मग आत्ताच काढा," मी म्हणाले.

दत्तूआजोबांनी बशीत चहा ओतला. "राहू दे रं भास्कर, तिथंच बरा हाय."