नाकिवालानं फोडलेली भिंत

जिंजा शहरात राहणारी आमची नाकिवाला लहानपणी बिनखिडकीच्या, ओल धरलेल्या खोलीत वाढली. सहा माणसं तिथंच झोपायची आणि कोळशाची शेगडीही तिथंच पेटायची. पंचेचाळिशीत तिला दहा पावलांवर धाप लागू लागली.

डॉक्टर म्हणाले, "ही छाती लहानपणीच खराब झालीय. औषधानं आराम पडेल, पण ती पहिल्यासारखी होणार नाही."

ती सरळ आमच्या रांगेतल्या लेकीच्या भाड्याच्या खोलीवर गेली. तिथंही खिडकी नव्हती आणि चार वर्षांची नात खोकत होती. नाकिवालानं गवंड्याकडून छिन्नी-हातोडा आणला. भिंतीवर चार घाव घालायचे, बसून श्वास घ्यायचा, पुन्हा उठायचं.

लेक म्हणाली, "आई, दे ना, मी फोडते!"

"तू माती उचल."

तिसऱ्या दिवशी घरमालक सेंतोंगो ओरडत आला, "माझी भिंत फोडतेस?"

"भिंत तुमचीच आहे, मालक. पण छाती माझ्या नातीची आहे. माझी तर गेलीच."

सेंतोंगोनं भोकातून आत डोकावलं, तसा शेगडीचा धूर त्याच्या तोंडावर आला. खोकला थांबल्यावर तो पुटपुटला, "मग चौकट तरी नीट बसव."

महिनाभरात आमच्या रांगेतल्या नऊही खोल्यांना खिडक्या झाल्या. माझ्या खोलीची भिंत तिनंच फोडून दिली, मधेमधे बसत.