डेस्कवरून बोलतेय

आमच्या डेस्कवर दोन गोष्टी साचतात: नमुन्याच्या डब्या आणि किस्से. डब्या रोज लॅबला जातात, किस्से मी घरी नेते. मागच्या महिन्यात मात्र असं काही घरी नेलं, की ते कोणाला सांगता येईना आणि झोपही येईना. ते सांगतेच, पण आधी जरा हसून घेऊ. सरळ मुद्द्यावर यायला मला कधी जमलेलं नाही.

नेरूळच्या एका पोटविकार सेंटरमध्ये मी फोनवर बसते. फॅमिली डॉक्टर चिठ्ठी देतात, मी पेशंटला विचारते: शौचातून रक्त जातं का, कधीपासून, वजन घटलंय का, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर होता का. त्यावरून आमच्या डॉक्टर मॅडम ठरवतात, आधी शौचाच्या नमुन्याची डबी की थेट कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीतून तपासणी. डबीत डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं, तर दुर्बीण आलीच. अनोळखी माणसांना मी हे सगळं न अडखळता विचारते. लिफ्टमध्ये शेजारणीला “कशा आहात?” विचारताना अडखळते.

*

तुर्भ्याच्या मार्केटमधले एक कांदा व्यापारी, मूळचे साताऱ्याकडचे. एक डबी दिली होती, त्यांनी तीन आणल्या. दोन मेडिकलमधून विकत घेतलेल्या. वर लेबलं: ‘वर’, ‘मध्य’, ‘तळ’.

“काका, एकच हवी होती.”

“अवो ताई, गोणीचा माल बघताना आमी वरनं, मधनं आन् तळातनं काढतो. नुसता वरचा माल बघून कुनी भाव करतंय व्हय?”

मॅडम म्हणाल्या, “यांना लॅबमध्ये नोकरी द्या.”

*

एका बाईंच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी लाल पेनने ‘तातडीने’ लिहिलं होतं. बाई आल्या चार महिन्यांनी. चिठ्ठी लॅमिनेट केलेली!

“एवढं महत्त्वाचं लिहिलंय म्हटल्यावर जपून ठेवायला नको? आधार कार्डाबरोबर ठेवली.”

त्यांना दुसऱ्याच सकाळची वेळ दिली. तेव्हापासून चिठ्ठी दिसली की मी आधी फोन करते, मग चहा.

*

करावे गावच्या एक आजी. तपासणीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध दोन लिटर पाण्यातून प्यायचं असतं. संत्र्याच्या चवीचं. नेमके पाहुणे आले.

“पाव्हन्यांसमोर एकटीनं कसा प्यायचा? सगल्यांना एकेक ग्लास दिला.”

सकाळी मॅडम वैतागल्या, “आजी, पोट साफ झालेलंच नाही!”

“माजा नाय,” आजी म्हणाल्या. “पाव्हन्यांचा झाला.”

*

आणि आता मुद्दा. डबीत रक्त सापडलेल्यांची यादी माझ्याकडे आली, आणि तिच्यात माझ्या सासऱ्यांचं नाव होतं. फॅमिली डॉक्टरांनी डबी परस्पर लॅबला पाठवलेली. बाबांनी घरात अवाक्षर काढलं नव्हतं.

सुनेनं सासऱ्याला शौचाबद्दल विचारायचं, हे आमच्या सारसोळ्याच्या कोळी घरात बसत नाही. नवरा म्हणाला, “तूच बोल, तुझं रोजचंच आहे.” तीन दिवस मी फक्त “बाबा, भात वाढू?” एवढंच बोलले. चौथ्या दिवशी सेंटरमधून बाबांना फोन लावला.

“नमस्कार, डेस्कवरून बोलतेय. पेशंट आहेत का?”

बाबांनी आवाज ओळखला असणारच.

“बोलतोय, मॅडम.”

त्यांनी सगळं सांगितलं. चार महिने रक्त. वजन कमी. त्यांचे थोरले भाऊ आतड्याच्या कॅन्सरनं गेले होते, हे मला त्या फोनवर कळलं. सोमवारी सकाळी आठची वेळ ठरली. संध्याकाळी घरी आम्ही दोघंही भातावरच बोललो.

रविवारी दुपारी बाबा टीव्हीकडे बघत म्हणाले, “उद्या भरती चांगली हाय. मी मासे धरायला खाडीत जानार.”

मी “बरं” म्हणाले, बाथरूममध्ये गेले आणि नळ पूर्ण सोडला. काही वेळानं दाराबाहेरून माझ्या मुलीचा, ओवीचा आवाज आला. ओवी पाच वर्षांची. सुट्टीत माझ्या टेबलाखाली खेळते, माझी वाक्यं तिला पाठ आहेत. बाबांना फोन लावला तेव्हाही ती तिथंच होती. फोन म्हणून हातात बहुतेक टीव्हीचा रिमोट असावा, कारण टीव्ही बंद झाला होता.

“नमस्कार, डेस्कवरून बोलतेय. पेशंट आहेत का?”

बाबा खाकरले. “बोलतोय.”

“उद्या आठला यायचंय. उपाशीपोटी.”

“उद्या जमनार नाय, मॅडम.”

“तुम्ही नाही आलात तर आमची आई बाथरूममध्ये रडते. नळ सोडते, पण मला ऐकू येतं.”

नळाचा आवाज मला एकाएकी फार मोठा वाटायला लागला, आणि आता तो बंदही करता येईना.

“तुमच्या मॅडमना सांगा,” बाबा म्हणाले, “येतो म्हनून. औषध कुठं ठेवलंय तेवढं इचारा.”

दारावर थाप पडली.

“आई, पेशंट येतायत. आता बाहेर ये, मला शी लागलीय.”