बॉनेटवरची गोधडी

कापडाला डिझेलचा वास आला की मला कुवेतच्या वाळवंटातली थंडी आठवते. पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाची पातळ साय धरायची. मी देखरेखीला होतो त्या साइटवर उद्घाटन होतं. वाळूत लाल गालिचा अंथरला होता आणि मोठे साहेब स्वतः किल्ली फिरवून पहिला ट्रक सुरू करणार होते. ट्रक जुनाच होता, फक्त रंग नवा, आणि गारठला की सुरू व्हायचा नाही. आदल्या संध्याकाळी मी मालवणकडच्या ड्रायव्हरला बजावलं, "एका झटक्यात सुरू झाला पाहिजे." तो म्हणाला, "होतलो, साहेब. रातभर इंजिनावर गोधडी घालून ठेवतंय." "आणि तू काय पांघरणार?" "माझ्याकडे दुसरी आसा." सकाळी ट्रक सुरू झाला, टाळ्या पडल्या आणि साहेब स्वतःच्या हातगुणावर बराच वेळ बोलले. नंतर ड्रायव्हर कामावर दिसेना, म्हणून मी जलीबच्या कामगार वस्तीत त्याच्या खोलीवर गेलो. तो तापाने फणफणलेला, अंगावर पुठ्ठ्याचे खोके ओढून झोपला होता. तेलाचे डाग पडलेली गोधडी धुऊन दोरीवर वाळत होती. दुसरी गोधडी कुठे, असं मी विचारलं. "दुसरी खयची?" त्याचा सोबती म्हणाला. "आयशीन शिवलेली ती एकच. ती ह्याने ट्रकाक घातल्यान." मी शहरात, सालमियाला असलेल्या माझ्या घरातलं जाड ब्लँकेट त्याला नेऊन दिलं. तो बरा होऊन कामावर आला, तेव्हा ते ब्लँकेट बॉनेटवर होतं. "साहेब, आता कितीय थंडी पडांदे," तो खुशीत म्हणाला, "गाडी अडाची नाय." ट्रक राहू दे, तू पांघर, असं म्हणायला हवं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मी त्याला "शाब्बास" म्हणालो.